डिझेल बंद, की धूर बंद?

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



तोडणी-वाहतुकीचे करार सुरू झाले की आमच्या शेती विभागाला जत्रेचे रूप येते. कोणी उचल वाढवून मागतो, कोणी गेल्या हंगामातल्या मुकादमाचे गाऱ्हाणे घेऊन येतो, कोणाला जामीनदार मिळत नसतो. यंदा अशाच एका सकाळी गट ऑफिसात एक वाहतूकदार सभासद येऊन बसले. करारपत्र पुढ्यात होते, पेन हातात होते. पण सही काही होईना. शेवटी त्यांनी तोंड उघडले.

“साहेब, एक इचारू का? ह्या डिझेलच्या गाड्या बंद करणार म्हणत्यात, ते खरं हाय का वो?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“पोरगं मोबाइलवर दावत हुतं. दिल्लीत झाल्या म्हणं, मुंबईत व्हायच्या हाइत, मग आपल्या कोल्हापुरात. ट्रॅक्टर घिऊन दोन वर्सं झाल्यात. बँकेचं अजून पाच वर्सं हप्तं हाइत. मधीच गाडी बंद केली, तर ऊस काय डोक्यावरनं आणू?”

ऑफिसातली मंडळी हसली. पण बाकावर बसलेले एक वयस्कर सभासद हसले नाहीत. ते निवृत्त शिक्षक. दोन एकर ऊस आणि कारखान्याच्या रस्त्यालाच घर. ते म्हणाले, “हसताय काय? बंद व्हायलाच पाहिजेत. हंगाम सुरू झाला की आम्ही रस्त्याकडची खिडकी उघडत नाही. नातीला दम्याचा पंप लागतोय. तुमचा हप्ता चुकला तर बँक थांबेल, पण पोरीचा श्वास थांबून चालतो काय?”

दोघेही आपलेच सभासद. दोघांचेही बोलणे खरे. त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण उत्तर दिले नाही, हे कबूल केले पाहिजे. ते उत्तर देण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

बातमी किती, अफवा किती?

प्रथम सही अडलेल्या सभासदांच्या शंकेचे पाहू.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या एका सल्लागार समितीची शिफारस वर्तमानपत्रांत आली. माजी पेट्रोलियम सचिव तरुण कपूर हे समितीचे अध्यक्ष होते. दहा लाखांवर वस्तीच्या आणि जास्त प्रदूषित शहरांत २०२७ पर्यंत डिझेलवर चालणाऱ्या चारचाकी मोटारी बंद कराव्यात, असे समितीचे म्हणणे होते. ही शिफारस स्वीकारलेली नाही, असा खुलासा मंत्रालयाने लगेच केला. शिफारस होती तीही मोटारींपुरती.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या हवेबद्दलच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने डिझेल व पेट्रोलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, हे तपासण्यास सांगितले. त्यावर राज्य शासनाने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. तिचा विषय मुंबई महानगर प्रदेशापुरता होता.

म्हणजे ट्रॅक्टर उद्या बंद होणार, ही अफवा. त्या सभासदांनी निश्चिंत मनाने सही करावी. मात्र कोल्हापूरचा या विषयाशी काही संबंध नाही, असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाख भरली, तेव्हा दहा लाखांची अट आपल्याला लागत नाही. पण ‘जास्त प्रदूषित शहरे’ हे शब्द लागू शकतात. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात हवा ठरलेल्या मर्यादेत नसलेल्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचे नाव आहे. शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड येथे हवेचे नमुने घेतले जातात. तरंगत्या धुळीची, म्हणजे पीएम १० ची, आपल्या देशातील मर्यादा वर्षाच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सांगितली. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला पाहुणा हवा चांगली म्हणून जातो, परंतु मापात ती चांगली भरत नाही.

डिझेलचा दोष काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला जातो आणि तो आपोआप पेटतो. फवारा बारीक असेल आणि हवा पुरेशी असेल तर बहुतेक इंधन जळते. फवारा जाड पडला किंवा हवा कमी पडली, की अर्धवट जळालेल्या कोळशाचे कण बाहेर येतात. तोच काळा धूर. यातील पुष्कळसे कण आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. तेव्हा मास्तरांच्या नातीचा दमा हा लाडाचा आजार नव्हे.

पण याच डिझेलची दुसरी बाजूही आहे. तेवढ्याच डिझेलमध्ये गाडी पेट्रोलपेक्षा जास्त अंतर जाते आणि कमी फेऱ्यांवर जास्त ओढते. उसाने भरलेल्या दोन ट्रेलर चढावर न्यायला आजतरी डिझेलसारखे दुसरे काही आपल्याकडे सहज मिळत नाही. शिवाय सगळे डिझेल इंजिन सारखे नसते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष आले. डिझेल मोटारीला आधी किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. डिझेलमधील गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणले. म्हणजे जुनी डिझेल गाडी आणि नवी डिझेल गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रॅक्टरचे निकष मात्र वेगळे आणि मागून येणारे. पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना कडक निकष १ जानेवारी २०२३ पासून लागले. त्याखालच्या ट्रॅक्टरना ते त्या वेळी लागले नाहीत. आपल्या भागातील कित्येक ट्रॅक्टर तर त्याच्याही आधीचे आहेत.

दिल्लीने काय शिकविले?

बंदीचा सर्वांत मोठा प्रयोग दिल्लीत झाला. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सर्व शहर बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. मुदत होती मार्च २००१ ची. ती पाळली गेली नाही. गॅस पुरेना, पंप पुरेनात, रिक्षावाल्यांच्या रात्र-रात्र रांगा लागल्या. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने डिझेल बसला रोज ५०० रुपये दंड लावला, तो महिन्याने १,००० होणार होता. तेव्हा कोठे २००२ च्या अखेरीस शहरातील डिझेल बस गेल्या. लोकांना फरक जाणवला, हे नाकारता येणार नाही. बंदीने काहीच होत नाही असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

परंतु पुढे गाड्यांची संख्याच एवढी वाढली की कमावलेले पुन्हा गेले. २०१६ मध्ये आयआयटी कानपूरने दिल्लीच्या हवेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिसूक्ष्म कणांत रस्त्यावरच्या धुळीचा वाटा ३८ टक्के आणि गाड्यांचा २० टक्के निघाला. बाकी चुली, कारखाने, कचरा. म्हणजे एकट्या गाड्यांना फाशी देऊन हवा सुटत नाही.

दुसरा धडा वयाचा. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालवू नयेत असे ठरविले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असे सुरू झाले. केवढा गोंधळ उडाला! महिन्यातून दोनदा बाहेर काढलेली, नीट राखलेली मोटार वय झाले म्हणून बाद. आणि नऊ वर्षे रोज धूर ओकत फिरलेली गाडी मात्र कायदेशीर. लोकांचा रोष पाहून काही दिवसांतच अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई नको म्हटले. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरतेच ठेवले. म्हणजे दहा वर्षे फिरून न्यायालयही गाडीच्या वयावरून तिच्या धुरावर आले.

तिसरा धडा ऐपतीचा. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी व त्यावरच्या नव्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली. या मोठ्या, महागड्या गाड्या. ऑगस्ट २०१६ मध्ये किमतीच्या एक टक्का पर्यावरण भरपाई घेऊन ही बंदी उठविली. हा आदेश आम्हाला विचार करण्याजोगा वाटतो. ज्याला दुसरी गाडी घेण्याची ऐपत आहे, त्याच्यापासून सुरुवात झाली. ज्याची भाकरी गाडीवर आहे, त्याच्यापासून नव्हे.

बाटलीतली काजळी

आता जपानकडे जाऊ. टोकियोचे राज्यपाल इशिहारा यांनी १९९९ मध्ये डिझेलविरुद्ध मोहीम काढली. ते पत्रकारांपुढे काजळी भरलेली प्लॅस्टिकची बाटली धरून दाखवीत. त्यानंतर टोकियो आणि शेजारच्या तीन प्रांतांत ऑक्टोबर २००३ पासून नियम आला: ज्या डिझेल ट्रक-बसमधून ठरल्यापेक्षा जास्त काजळी येते, तिने आत यायचे नाही. मालकापुढे दोन वाटा होत्या. नवी गाडी घ्या, नाहीतर धूर गाळणारी चाळणी बसवा. चाळणीसाठी शासनाकडून अर्थसाहाय्य होते. बाटली दाखवून भीती घातली, पण नियम काजळीवर केला, डिझेलच्या नावावर नाही.

यावर मास्तरांसारखा जाणता माणूस विचारील, “धूर मोजणार कोण?” हा बंदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. गाडी न बघता धुराचा दाखला देणारे महाभाग सगळीकडे असतात. एवढेच कशाला, सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीची लबाडी अमेरिकेत उघड झाली. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी व्यवस्था तिने डिझेल मोटारींत बसविली होती. मोठमोठ्या प्रयोगशाळा जेथे फसल्या, तेथे रस्त्याकडेच्या तपासणी केंद्राचे काय सांगावे? बंदीचे हे एक बरे असते, की तिला मोजमाप लागत नाही. गाडी डिझेलची आहे की नाही, एवढेच पाहायचे.

मुद्दा खरा आहे. म्हणूनच शहरातील नवी खाजगी मोटार, शहर बस, टॅक्सी यांच्याबाबत ‘अमुक तारखेपासून नवी डिझेल गाडी नको’ असा नियम आला तर तो आम्हाला अन्यायाचा वाटणार नाही. त्यांना पेट्रोल आहे, गॅस आहे, वीज आहे. पण उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला आज काय आहे? गॅसवर चालणारा ट्रॅक्टर फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत दाखविला गेला. विजेचे ट्रॅक्टरही निघाले आहेत. परंतु गावात गॅसचा पंप नाही आणि रात्री ओढायला ताकद हवी तेव्हा वीज भारनियमनात. पर्याय दाखविण्यापुरता आहे, वापरण्यापुरता नाही.

काही सभासद म्हणतात, “डिझेल बंद झालं तर बरंच की! आपलं इथेनॉल खपेल.” येथे एक घोटाळा होतो. आपले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते, डिझेलमध्ये नाही. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्यापर्यंत मजल गेली, त्यात ऊस उत्पादकांचा वाटा आहे आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ज्या उसाचे इथेनॉल होते तो ऊस गव्हाणीपर्यंत डिझेलवरच येतो. आपला फायदा होतो म्हणून दुसऱ्याची गाडी बंद व्हावी, आणि आपली मात्र राहावी, हे म्हणजे आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं!

यार्डातली एक रात्र

इथवर आम्ही सरकारचे आणि न्यायालयाचे सांगितले. आता आमचे सांगतो.

तीन हंगामांपूर्वीची जानेवारीतील रात्र. गळीत जोरात होते, मिल थोडा वेळ थांबली होती आणि यार्ड भरून रांग रस्त्यावर गेली होती. आम्ही रांग बघायला बाहेर पडलो. थंडीमुळे धूर वर जात नव्हता. दिव्यांच्या उजेडात तो कमरेएवढ्या उंचीवर थरच्या थर साचला होता. यार्डाच्या कुंपणापलीकडे तोडणी मजुरांच्या खोप्या. एक बाई मूल खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. बीडकडची असावी. आम्हाला पाहून म्हणाली, “साहेब, रातभर इंजनं घरघर करत्यात. लेकराचा खोकला थांबना गेलाय. जरा बंद करायला सांगा की.”

आम्ही पुढे होऊन एका चालकाला दरडावले. तो खाली उतरून शांतपणे म्हणाला, “साहेब, बंद केला तर परत चालू हुईत न्हाई. बॅटरी उतारल्या. आन् दर पंधरा मिन्टाला रांग एक गाडी फुडं सरकतिया. नंबर गेला तर तुम्ही देणार का?”

पुढच्या चालकाने तेच सांगितले. त्याच्या पुढच्याने तेच. एकाची बॅटरी चांगली होती, पण त्याला गाणी लावायची होती. तेवढ्याला मात्र आम्ही बंद करायला लावले. बाकी सगळे तसेच राहिले आणि आम्ही ऑफिसात परतलो.

त्या रात्री झोप लागली नाही, कारण एक गोष्ट डोक्यात बसली. ती रांग ट्रॅक्टरवाल्यांनी लावली नव्हती. ती आम्ही लावली होती. कोणत्या फडाला कोणत्या दिवशी तोड द्यायची, किती गाड्या सोडायच्या, हा कार्यक्रम शेती विभागाचा. ऊस कमी पडून मिल थांबू नये म्हणून आम्ही नेहमी चार गाड्या जास्तच सोडतो. मिलच्या दृष्टीने ते शहाणपण. पण त्या शहाणपणाचा धूर खोपीतल्या लेकराच्या छातीत जात होता. दिल्लीच्या गाड्यांवर मत द्यायला आम्ही तयार, आणि आमच्या कुंपणापलीकडचे आम्हाला वीस वर्षांत दिसले नव्हते.

थोडा हिशेब करू. उभ्या ट्रॅक्टरने तासाला लिटरभर डिझेल खाल्ले असे धरा. रांगेत १०० ट्रॅक्टर प्रत्येकी तीन तास चालू उभे राहिले, तर एका रात्रीत ३०० लिटर. शंभर रात्रींचा हंगाम धरला तर ३० हजार लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी २७ लाख रुपये, तेही ऊस तसूभर पुढे न हलता! हा पैसा कोणाचा? वाहतूकदाराचा. आणि वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या बिलातूनच निघतो, तेव्हा तुम्हा-आम्हा सर्वांचा.

फडातला धूर

दुसरा धूर आणखी जवळचा. खोडव्याला त्रास नको म्हणून तोड झाल्यावर पाचट पेटवून देणारे सभासद अजूनही आहेत. एका हेक्टरातून आठ ते दहा टन पाचट निघते. ट्रॅक्टर दिवसाला ४० लिटर डिझेल खातो असे धरले, तर १२० दिवसांच्या हंगामात ४,८०० लिटर, म्हणजे वजनाने साधारण चार टन. एवढे डिझेल जाळायला ट्रॅक्टरला सबंध हंगाम लागतो. आपण त्याच्या दुप्पट वजनाचे पाचट एका संध्याकाळी जाळतो, आणि तेही उघड्यावर, ना फवारा ना चाळणी.

आणि जाळतो काय? त्या पाचटात हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि तीन ते चार टन सेंद्रिय कर्ब असतो. दुकानातून पोती आणायची आणि शेतातली पोती पेटवायची, असा हा व्यवहार. पाचट सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकले की चार-पाच महिन्यांत खत होते, तण दबते, पाण्याची एखादी पाळीही वाचते. हे आम्ही प्रत्येक गट सभेत सांगतो. येथे पुन्हा सांगितले, कारण ज्याच्या फडातून धुराचा लोट उठतो त्याने शहरातल्या मोटारीकडे बोट दाखवू नये.

आपल्या चिमणीचेही ऐकून घ्यावे लागते. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते, ही शेजारच्या वस्तीची तक्रार आमच्या कानावर आहे. बगॅस ओली गेली, बॉयलर नीट पेटला नाही, राख धरणारी यंत्रणा कोठे कमी पडली, की ती उडते. हा विषय आमच्या विभागाचा नसला तरी तो लपवून लेख लिहिणे बरे नव्हे.

मग न्याय कशात?

आमचे मत थोडक्यात असे.

एक, इंधनाचे नाव आणि गाडीचे वय पाहून नव्हे, तर धूर पाहून नियम असावा; आणि मोजणारा खोटा दाखला देईल तर शिक्षा त्याला आधी व्हावी.

दोन, ज्याला बदलणे सोपे आहे त्याने आधी बदलावे. शहरातील मोटार आधी, मालट्रक नंतर, शेतातला ट्रॅक्टर शेवटी.

तीन, पर्याय, कर्ज आणि मुदत ही बंदीच्या आधी यावीत. दिल्लीत गॅस नंतर आणि आदेश आधी आला, म्हणून रिक्षावाले रांगेत उभे राहिले.

चार, सगळा धूर मोजावा. गाडीचा, कचऱ्याचा, पाचटाचा, चिमणीचा आणि रस्त्यावरच्या धुळीचा.

सरसकट बंदी म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी होण्याचा धोका आहे, असे आम्हाला वाटते. परंतु ‘आम्ही गरीब, आमची भाकरी डिझेलवर’ एवढे म्हणून धूर सोडण्याचा हक्क मिळत नाही. खोपीतले लेकरू आपल्याहून गरीब आहे. आपला धूर आपण कमी केला नाही, तर उद्या जी बंदी येईल ती सरसकटच येईल, आणि त्या वेळी आपल्याला तक्रार करायला तोंड उरणार नाही.

या हंगामात काय करावे?

वाहतूकदार बंधूंनी हंगामापूर्वी पुढील गोष्टी करून घ्याव्यात.

१. धुराचा रंग ओळखावा. ओढताना सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर क्लीनर साफ करावा, नोझल तपासून घ्यावेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे: रिंगा गेल्या. गरम इंजिनातून पांढरा धूर येत राहिला तर पंपाचे टायमिंग दाखवावे.

२. ओढ वाढावी म्हणून पंपाला डिझेल वाढवून घेण्याची खोड सोडावी. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. ते तुमच्याच खिशातून उडते.

३. ट्रेलर ठरल्यापेक्षा जास्त भरू नये. चढावर इंजिन गुदमरते ते यामुळेच.

४. बॅटरी आणि सेल्फ दुरुस्त करून घ्यावा. यार्डात दहा मिनिटांहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद ठेवावे.

आता आमची बाजू. गेले दोन हंगाम आम्ही एका गटात गाड्यांना यार्डात येण्याची वेळ ठरवून देऊन पाहिले. पहिल्या वर्षी सगळ्यांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी रांग घटली, आणि पूर्वी दिवसाला एकच खेप करणाऱ्या काहींच्या दोन होऊ लागल्या. यंदा हीच पद्धत सर्व गटांत लावावी असा प्रस्ताव आम्ही ठेवला आहे. इंजिन बंद केले म्हणून कोणाचा नंबर जाणार नाही, यासाठी नंबराचे टोकन द्यावे, आणि तोडणी मजुरांच्या खोप्या यार्डापासून दूर, वाऱ्याच्या उलट अंगाला हलवाव्यात, असेही त्यात सुचविले आहे. मिल अचानक थांबली तर रांग लागणारच. ती अजिबात लागणार नाही असे आश्वासन आम्ही देत नाही.

जाता जाता. करारावर सही न करणारे सभासद त्या दिवशी अखेर सही करून गेले. जाताना त्यांनी मास्तरांना विचारले, “मास्तर, तुमच्या घरापशी गाडी हळू घिऊ, का इंजन जास्त तापवू नको म्हंता?” मास्तर म्हणाले, “हळू घे, आणि तो पंप आधी नीट करून घे. गेल्या साली तुझी गाडी गेली की माझी पोर खोकायची. धुरावरनं ओळखतो मी तुझी गाडी.”

ते गप्प राहिले. चार दिवसांनी त्यांचा ट्रॅक्टर गावातल्या पंपवाल्याच्या दारात उभा असलेला आम्ही पाहिला.

सभासदांनी या विषयावरील आपली मते व रांगेबाबतच्या सूचना आपापल्या गट कार्यालयात लेखी द्याव्यात. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांचा विचार केला जाईल.